कॉर्फूच्या पेठेत आईबरोबर

ग्रीसचं बेट म्हटलं की आपल्याकडे लगेच पांढरी घरं आणि निळे घुमट डोळ्यासमोर येतात, पण ते सगळं तिकडं एजियन समुद्रात. कॉर्फू त्या बाजूचं नाहीच. हे बेट ग्रीसच्या वायव्य टोकाला, आयोनियन समुद्रात, समोर अल्बानियाचे डोंगर दिसतात इतकं जवळ, आणि गावाचं रूप सगळं इटालियन, कारण 1386 ते 1797 अशी चारशेच्या वर वर्षं ते व्हेनिसच्या ताब्यात होतं. पिवळी, गुलाबी, विटकरी अशी पाच-पाच सहा-सहा मजली घरं, हिरव्या लाकडी झडपांच्या खिडक्या आणि मधून जाणारे अरुंद बोळ. तिथले लोक बेटाला आणि गावाला केर्किरा म्हणतात, त्यामुळे बसवर, बोटीवर तेच नाव शोधायचं.

माझी ताई आणि दाजी म्युनिकला असतात. आई आणि मी मे महिन्यात कोल्हापूरहून त्यांच्याकडे गेलो होतो आणि तिथून चौघांनी मिळून कॉर्फूला जायचं ठरलं, विमानानं साधारण दोन तास, शेंगेन व्हिसा आधीच होता म्हणून वेगळं काही लागलं नाही. आईला समुद्रात पोहायचं नव्हतं, तिला बाजार बघायचा होता. मलाही तेच हवं होतं. कुठल्याही गावात गेले की मला आधी तिथली पेठ बघायची असते, लोक काय विकत घेतात, सकाळी किती वाजता दुकानं उघडतात, कुणाशी कसं बोलतात ते बघायचं असतं. आणि कॉर्फूच्या किनाऱ्यांबद्दल भरपूर वाचायला मिळालं पण पेठेबद्दल मराठीत काहीच सापडलं नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

विमानतळ गावाला अगदी लागून आहे, बाहेर आलं की 15 नंबरची निळी सिटी बस मिळते, ती सारोको चौकात सोडते. सारोको म्हणजे नव्या गावाचा मध्य, बँका, औषधाची दुकानं, रोजच्या कपड्यांची दुकानं, स्थानिक लोकांची खरी कामाची खरेदी इथं. तिथून गिओर्गिऊ थियोटोकी रस्ता धरायचा, पुढे तो वुल्गारेओस रस्त्याला मिळतो, आणि चालता चालता गाड्या कमी होत जातात, रस्ता अरुंद होतो, पायाखाली गुळगुळीत दगडी फरशी येते आणि तुम्ही जुन्या गावात असता. हे जुनं गाव 2007 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. वाटेत टाउन हॉल लागतो, ती इमारत आधी व्हेनिसच्या सरदारांची बैठकीची जागा होती, मग तिचं सान जाकोमो नावाचं थिएटर झालं आणि 1733 मध्ये तिथं ऑपेरा झाला. ग्रीसच्या बाकी बहुतेक भागात तेव्हा तुर्कांचं राज्य होतं आणि इथं लोक इटालियन ऑपेरा ऐकत होते, हे लक्षात ठेवलं की मग पुढचं गाव नीट कळतं.

आम्ही पोचलो तो दिवस 21 मे होता. 1864 साली याच तारखेला ब्रिटिशांनी ही आयोनियन बेटं ग्रीसला दिली, त्यामुळे तो दिवस बेटावर सुट्टीचा. बरीच दुकानं बंद होती पण गाव सगळं रस्त्यावर. लाल, निळ्या गणवेशातली बँडपथकं एकामागून एक स्पियानादा मैदानाकडं निघालेली, पितळी वाद्यं चमकताहेत, लहान लहान पोरं क्लॅरिनेट वाजवताहेत, आज्या बाल्कनीतून बघताहेत. इथल्या सगळ्यात जुन्या बँडची संस्था 1840 सालची आहे, आणि ग्रीसच्या राष्ट्रगीताला चाल देणारे निकोलाओस मांत्झारोस याच गावचे, याच संस्थेशी जोडलेले. खरेदी काही झाली नाही, पण मला वाटतं आधी गाव असं सणात बघितलं ते फार बरं झालं, कारण दुसऱ्या दिवशी त्याच लोकांना आम्ही दुकानात बसलेलं बघितलं.

आता पेठेचा नकाशा सांगते, म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ होणार नाही. मुख्य रस्ता निकिफोरू थियोटोकी. (वरचा थियोटोकी वेगळा, हा वेगळा, दोन्ही नावं नकाशात दिसतात म्हणून सांगतेय.) हा रस्ता समुद्राकडच्या लिस्टॉन नावाच्या कमानींच्या इमारतीपासून निघतो आणि जुन्या बंदराच्या बाजूला उतरतो. बराच भाग दोन्ही बाजूंनी कमानींखालून चालायचा आहे, वरची घरं कमानींवर पेललेली, म्हणजे ऊन असो पाऊस असो ग्राहक कोरडा आणि सावलीत. कॉर्फूला हिवाळ्यात पाऊस भरपूर, बेट इतकं हिरवं त्यामुळेच, त्यामुळे या कमानी नुसत्या शोभेच्या नाहीत. याला समांतर आयिओस स्पिरिडॉनचा रस्ता, चर्चचा. आणि या दोघांना जोडणारे, कापणारे असंख्य बोळ, त्यातला फिलेलिनॉन नावाचा बोळ म्हणजे दोन्ही बाजूंनी दुकानंच दुकानं, समोरून माणूस आला तर खांदा आत घ्यावा लागतो. घरं इतकी उंच आणि बोळ इतके अरुंद का, तर गाव तटबंदीच्या आत कोंडलेलं होतं, बाहेर पसरायला जागा नाही, मग वर वाढलं. वर बघितलं की या खिडकीतून त्या खिडकीपर्यंत दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेले. खाली पर्सचं दुकान, वर कुणाच्या तरी चादरी. हे मला फार आवडलं, म्हणजे गाव फक्त पर्यटकांसाठी सजवून ठेवलेलं नाहीये, वर माणसं राहताहेत.

वेळेचं गणित सगळ्यात महत्त्वाचं. मोठाल्या क्रूझ बोटी बंदराला लागतात त्या दिवशी साधारण दहा ते तीन या वेळात पेठेत पाय ठेवायला जागा नसते, गाइडच्या मागे चाळीस-चाळीस लोकांचे जथे. त्या वेळात गेलात तर तुम्हाला फक्त पाठी दिसतील. आम्ही ताईच्या सांगण्यावरून सकाळी साडेआठलाच निघायचो. तेव्हा दुकानदार शटर वर करताहेत, फरशी धुताहेत, बेकरीतून लोक पाव घेऊन चाललेत, कॉफीवाला ट्रे घेऊन दुकानादुकानात जातोय. आणि दुसरी गोष्ट, स्थानिक लोकांची दुकानं दुपारी दोन-अडीचला बंद होतात. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार ती संध्याकाळी साडेपाच-सहाला परत उघडतात ती नऊपर्यंत, पण सोमवार, बुधवार आणि शनिवारी दुपारी बंद झाली की बंदच, रविवारी तर उघडतच नाहीत. पर्यटकांसाठीची दुकानं मात्र उन्हाळ्यात दिवसभर आणि रात्री उशिरापर्यंत चालू असतात. म्हणजे साबण, चपला, कापड असं काही नीट घ्यायचं असेल तर सकाळ धरा, आणि नुसतं बघत फिरायचं असेल तर संध्याकाळ.

पहिल्या सकाळी आम्ही उलट्या बाजूनं सुरुवात केली, नव्या किल्ल्याखालच्या भाजी-मासळी बाजारातून. किल्ल्याच्या खंदकात हा बाजार भरतो, एका बाजूला भाजी-फळं, एका बाजूला मासळी. मे महिना, त्यामुळे चेरी, जर्दाळू, लोकाट, ताजी लसूण, आर्टिचोक, आणि रानातून तोडून आणलेल्या पालेभाज्यांचे ढीग, ज्या ग्रीक लोक उकडून वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू पिळून खातात. आईनं प्रत्येक पालेभाजी हातात घेऊन वास घेतला. भाजीवाल्या आजीबाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि आईला ग्रीक येत नव्हतं, पण दोघी चांगल्या दहा मिनिटं बोलत होत्या, एक हातानं उकडायची खूण करत होती, दुसरी फोडणीची. आईनं शेवटी एक किलो चेरी घेतल्या आणि आजीबाईंनी वर मूठभर टाकल्या. आमच्या राहत्या जागेत स्वयंपाकघर होतं म्हणून भाजीही घेतली.

तिथून पेठेत यायच्या वाटेवर जुनी ज्यू वस्ती लागते, वेलिसारिऊ रस्ता. सिनेगॉग अजून उभं आहे. शतकानुशतकं या गावात ज्यू व्यापारी, शिंपी, कापडवाले होते, आणि जून 1944 मध्ये जर्मनांनी जवळजवळ सगळ्यांना जुन्या किल्ल्यात गोळा करून बोटीत घातलं आणि आउशविट्झला नेलं. फार थोडे परत आले. जवळच त्यांचं स्मारक आहे. आम्ही तिथं थांबलो, दाजींनी आईला सगळं सांगितलं. या पेठेत खरेदीला येणाऱ्यानं इथं थांबावं असं मला मनापासून वाटतं, कारण पेठेचा एक अख्खा भाग, त्याच्या माणसांसकट, नाहीसा झालेला आहे.

मग सेंट स्पिरिडॉनचं चर्च. हे सांगितल्याशिवाय पेठ कळणारच नाही. कोल्हापुरात महाद्वार रोड जसा अंबाबाईच्या देवळाला धरून आहे तशी ही पेठ या चर्चला धरून आहे. लाल घुमटाचा त्याचा घंटाघराचा मनोरा गावात सगळ्यात उंच, बोळात हरवलात तर तो शोधायचा. स्पिरिडॉन हे चौथ्या शतकातले सायप्रसचे बिशप, त्यांचा देह कॉन्स्टँटिनोपलला ठेवला होता, 1453 मध्ये ते शहर तुर्कांनी घेतल्यावर एका धर्मगुरूनं तो तिथून हलवला आणि पुढे तो कॉर्फूला आला. आता चर्चमध्ये वेदीच्या उजव्या बाजूच्या खोलीत चांदीच्या पेटीत आहे. लोकांची श्रद्धा अशी की संत रात्री बेटावर फिरून लोकांची कामं करतात, म्हणून त्यांच्या पायातल्या सपाता झिजतात आणि त्या बदलाव्या लागतात, आणि जुन्या सपातांचे तुकडे भक्तांना देतात. आईला हे ताईनं सांगितलं तेव्हा आई लगेच म्हणाली, "मग चला आत, बाहेर काय उभे राहिलाय."

आत जायला तिकीट नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, आईची साडी होती त्यामुळे प्रश्नच नव्हता. दारात मेणबत्त्या असतात, पेटीत नाणं टाकायचं, बारीक पिवळी मेणबत्ती घ्यायची आणि पेटवून वाळूत खोचायची. वर छताला चांदीचे दिवे टांगलेले, किती ते, धुरानं काळे झालेले चित्रांचे चौकोन, आणि रांगेत उभे लोक, हातात भाजीच्या पिशव्या, ऑफिसची बॅग, शाळेचं दप्तर. म्हणजे कामाला जाता जाता दोन मिनिटं आत शिरून पाया पडून जाणारे लोक. आई रांगेत उभी राहिली, तिनं हात जोडून नमस्कार केला, मागच्या बाईनं तिच्या खांद्याला हळूच हात लावून तिला पुढं जागा करून दिली. बेटावर अर्ध्या पुरुषांची नावं स्पिरोस आहेत असं म्हणतात आणि आम्हाला ते खरंच वाटलं, ज्या ज्या दुकानात नाव विचारलं तिथं बहुतेक स्पिरोसच.

चर्चच्या आसपास मेणबत्त्या, छोट्या चांदीच्या मूर्ती, धूप यांची दुकानं, आणि त्याला लागूनच ऑलिव्हच्या लाकडाची. या लाकडाबद्दल जरा बोलते कारण कॉर्फूहून आणण्यासारखी पहिली वस्तू तीच. व्हेनिसच्या राज्यात तेल हवं म्हणून ऑलिव्हची झाडं लावणाऱ्या शेतकऱ्याला पैसे मिळायचे, त्यामुळे बेटभर लाखो झाडं झाली, आणि इथं ती फारशी छाटत नाहीत म्हणून उंच, पिळदार, जाड बुंध्याची जुनी झाडं दिसतात, खाली काळी जाळी अंथरलेली, पडलेली फळं गोळा करायला. त्या लाकडाचे पोळपाटासारखे कापायचे बोर्ड, वाडगी, चमचे, खलबत्ते, बुद्धिबळाचे पट. लाकूड जड, घट्ट, पिवळ्यावर तपकिरी रेषांचं, प्रत्येक वस्तूची नक्षी वेगळी.

आम्ही आधी एक अख्खी सकाळ नुसतं बघितलं, घेतलं काहीच नाही. हे मी सगळ्यांना सांगेन. पाच-सहा दुकानं बघितली की हात सांगायला लागतो. एका दुकानात मागच्या बाजूला काका स्वतः मशीनवर वाडगं घासत बसले होते, अंगभर भुसा, त्यांनी आम्हाला काय बघायचं ते दाखवलं. बोर्ड एकाच तुकड्याचा आहे की पट्ट्या चिकटवून केलाय ते कडेनं बघायचं, एकसंध असेल तर रेषा वरून कडेला आणि खाली सलग जातात. वास घ्यायचा, ऑलिव्हच्या लाकडाला तेलकट गोडसर वास असतो, वार्निशचा वास आला तर स्वयंपाकाला नको. भेग पडून ती पुट्टी भरून बुजवली असेल तर उजेडात धरलं की दिसते. आणि घरी आल्यावर पाण्यात भिजत ठेवायचं नाही, धुऊन लगेच पुसायचं, मधून मधून तेलाचा हात द्यायचा. आईनं त्यांच्याकडूनच मोठा बोर्ड, दोन वाडगी, एक खलबत्ता आणि चमचे घेतले. भाव करायचा तिचा विचार होता. इथं भाव करायची फारशी पद्धत नाही, पण तीन-चार वस्तू एकत्र घेतल्या की काही जण आपण होऊन थोडे कमी करतात, काकांनी दोन चमचे वर दिले आणि आई खूश.

चामड्याच्या सँडल बघताना मात्र आम्ही सगळेच थांबलो. आमच्या घरात चप्पल म्हणजे काय हे लहानपणापासून हातात घेऊन बघितलेलं, कोल्हापुरीचं कातडं झाडाच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं, शिवण चामड्याच्याच वादीची, खिळा नाही. पेठेतल्या एका दुकानात आईनं सँडल उलटी केली, तळ वाकवून बघितला, कड नखानं खरवडली. दुकानातल्या मुलीला आधी आश्चर्य वाटलं, मग मी फोनवर कोल्हापुरीचे फोटो दाखवले तर तिनं वडिलांना हाक मारली आणि ते बाहेर येऊन आईच्या पायातली चप्पल बघायला लागले. त्यांनी वाकून हात लावला, शिवण बघितली, मान हलवली. मग स्वतःच शेल्फवरच्या दोन जोड्या बाजूला केल्या आणि तिसरी पुढे केली, ही घ्या असं म्हणाले. रस्त्यावर टांगलेल्या स्वस्त सँडलमध्ये तळ रबराचा आणि वर नुसता चामड्याचा पातळ थर चिकटवलेला असतो, चांगल्यात तळ, पट्टे सगळं चामड्याचं आणि कडेनं शिवलेलं. ताईनं घेतली, तिचं माप युरोपियन 38. आईनं घेतली नाही, तिला तिचीच बरी वाटली, आणि खरंच ती बरी होती.

साबणासाठी परत सारोकोच्या बाजूला यावं लागतं. तिथं पातूनिस कुटुंबाचा जुना साबण कारखाना आहे, धंदा 1850 पासूनचा, कॉर्फूत 1891 पासून. बाहेरून साधं दुकान, आत गेलं की कोरड्या साबणाचा वास, लाकडी जमिनीवर ओतून वाळवलेला साबण, हातानं छाप मारून कापलेल्या वड्या, वर रचलेले मनोरे. हिरवा साबण ऑलिव्हच्या चोथ्यातून काढलेल्या तेलाचा, तो कपड्यांना आणि अंगालाही, आणि फिकट रंगाचा ऑलिव्ह तेलाचा. सुगंध नाही, रंग नाही, रॅपरही साधं. आम्ही कामाच्या दिवशी बाराच्या सुमाराला गेलो तर कसा करतात तेही दाखवलं. मला विचाराल तर नातेवाइकांना द्यायला यापेक्षा चांगली गोष्ट पेठेत नाही, हलकी, टिकाऊ, फुटायची भीती नाही.

खायच्या वस्तूंत कुमक्वात. छोटं, अंगठ्याच्या पेरापेक्षा जरा मोठं, सालीसकट खायचं नारंगी फळ. मूळ चीनकडचं, कॉर्फूला ते सिडनी मर्लिन नावाच्या ब्रिटिश माणसानं 1920 च्या दशकात लावलं, आता उत्तरेला निंफेस गावाकडे त्याची शेती आहे. त्याचा मुरंबा, पाकातली फळं, आणि लिकर म्हणजे गोड दारू. भडक नारंगी बाटल्या सगळ्या पेठेत दिसतात, पण चव बघितल्यावर फिकट रंगाची जास्त चांगली लागली. दुकानात छोट्या ग्लासात चाखायला देतात. आईनं फक्त पाकातली फळं चाखली आणि तीच घेतली. आणि एक गोष्ट शोधून घ्या, सिकोमैदा. सुक्या अंजिराचा लगदा, त्यात मिरपूड आणि ऊझो दारू किंवा द्राक्षाचा रस घालून केलेला लाडू, अंजिराच्या किंवा अक्रोडाच्या पानात बांधलेला. दारूचं चालत नसेल तर आधी विचारा, आम्ही विचारूनच बिनदारूचा घेतला. पान सोडवून पातळ चकत्या करून चीजबरोबर खातात, आम्ही चहाबरोबर खाल्ला.

दुपारी जेवून झोप. खरंच, तिथं सगळं गावच झोपतं.

संध्याकाळ लिस्टॉनची. ही कमानींची लांब इमारत फ्रेंचांच्या काळात 1807 मध्ये बांधायला घेतली, पॅरिसच्या रिव्होली रस्त्यासारखी, खाली कॅफे, समोर फरशी आणि त्यापलीकडे स्पियानादाचं हिरवं मैदान. मैदान इतकं मोठं कारण व्हेनिसवाल्यांनी जुन्या किल्ल्यासमोरची घरं पाडून तोफांसाठी मोकळी जागा केली. सात वाजले की गाव कपडे बदलून फेऱ्या मारायला येतं, आजोबा काठी घेऊन, तरुण पोरी, बाबागाड्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत. दाजी मात्र मैदानाकडेच बघत बसले, कारण तिथं पोरं क्रिकेट खेळत होती. ग्रीसमध्ये क्रिकेट! ब्रिटिश इथं 1815 ते 1864 होते, 1823 मध्ये याच मैदानावर त्यांच्या नौदलाचा आणि छावणीतल्या लोकांचा सामना झाला, मग स्थानिक पोरं शिकली आणि ब्रिटिश गेले तरी खेळ राहिला. मोठे सामने आता बरेचसे गुविया मरीनाजवळच्या मैदानावर होतात. दाजी उठून गेले, दोन मिनिटांत त्यांच्या हातात चेंडू होता. आम्ही तोपर्यंत त्सित्सिबिरा प्यायलो, आलं-लिंबू-साखरेचं फसफसणारं पेय, तेही ब्रिटिशांच्या वेळचं, कॉर्फूतच मिळतं, थंड आणि चांगलं झणझणीत.

लिस्टॉनवरची कॉफी महाग आहे हे आधीच सांगते, पण एकदा तिथं बसावं, घाई कुणी करत नाही.

आता बिलाचं. दुकानात दारावर किंवा गल्ल्याजवळ एक पाटी दिसेल, पावती दिली नाही तर ग्राहकानं पैसे द्यायचं बंधन नाही अशा अर्थाची. कार्ड सगळीकडे चालतं, पावती छापून मिळतेच, ती टाकून देऊ नका. कॉर्फूत व्हॅट 24 टक्के, किमतीत धरलेला असतो. तुम्ही युरोपियन युनियनच्या बाहेर राहत असाल तर एका दुकानात एका दिवशी 50 युरोंच्या वर खरेदी झाली की टॅक्स फ्रीचा, म्हणजे कर परत मिळवायचा, फॉर्म मागता येतो, दारावर तसं चिन्ह असलेल्या दुकानातच. इथं ताईचा आणि आमचा फरक पडला. ताईचा पासपोर्ट भारतीयच आहे पण ती जर्मनीत राहते म्हणून तिला मिळत नाही, आई आणि मी कोल्हापूरला राहतो म्हणून आम्हाला मिळतं. त्यामुळे लाकडाची सगळी खरेदी आईच्या नावावर एकाच बिलात केली, पासपोर्ट बरोबर नेला होता, काकांच्या सुनेनं नंबर टाकून फॉर्म छापून दिला, खाली आईची सही.

किती परत मिळतं, तर लोकांना वाटतं 24 टक्के. तसं नाही. 100 युरोच्या वस्तूवर 24 चढून 124 होतात, म्हणजे तुम्ही दिलेल्या रकमेत कर साधारण 19 टक्के, आणि त्यातूनही परतावा देणारी कंपनी आपलं शुल्क कापते. तरी जे येतं ते चांगलंच येतं.

या फॉर्मवरचा शिक्का ग्रीसमध्ये घ्यायचा नसतो, युनियनमधून जिथून शेवटचं बाहेर पडणार तिथल्या कस्टम्सचा लागतो. आमचं मुंबईचं विमान म्युनिकहून होतं, त्यामुळे शिक्का तिथं. खरेदीचा महिना सोडून पुढच्या तीन महिन्यांच्या आत वस्तू बाहेर गेली पाहिजे आणि ती न वापरलेली पाहिजे, म्हणून तो बोर्ड आईनं ताईच्या घरी एकदाही काढला नाही. वस्तू चेक-इन बॅगेत असतील तर काउंटरवर आधी सांगायचं की कस्टम्सला दाखवायचंय, ते बॅगला टॅग लावून परत हातात देतात, मग बॅग, फॉर्म, पासपोर्ट, बोर्डिंग पास घेऊन कस्टम्सच्या खिडकीवर जायचं, शिक्का झाला की बॅग तिथूनच पुढे जाते. म्हणून त्या वस्तू बॅगेत सगळ्यात वर ठेवा. आम्हाला खरंच उघडायला लावली, अधिकाऱ्यानं वाडगं हातात घेऊन फिरवून बघितलं आणि शिक्का मारला. वेळ हाताशी ठेवून जा, सुट्टीच्या दिवसात रांग असते. पैसे आम्ही रोख न घेता कार्डावर मागितले, ते काही आठवड्यांनी आले.

पाकातली फळं आणि लिकर केबिन बॅगेत सगळीकडे चालत नाहीत, म्हणून 100 मिलीच्या वरचं सगळं चेक-इनमध्ये. बाटल्या कपड्यात गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी. भारतात येताना दारू माणशी 2 लिटरपर्यंत चालते, आमच्याकडे त्यापेक्षा कितीतरी कमी होती, मुंबईला काही विचारलं नाही.

आता आईला परत जायचंय, पण पालखीच्या वेळी. स्पिरिडॉन संतांचा देह वर्षातून चार वेळा पालखीत उभा ठेवून गावातून फिरवतात: ईस्टरआधीचा रविवार, ईस्टरच्या आदला शनिवार, 11 ऑगस्ट आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार. ऑगस्टची पालखी 1716 च्या तुर्की वेढ्यातून गाव वाचलं त्याची, नोव्हेंबरची 1673 ची प्लेगची साथ गेली त्याची. ईस्टरच्या शनिवारी अकरा वाजता लोक लिस्टॉनच्या आणि पेठेतल्या खिडक्यांतून पाणी भरलेले मातीचे मोठमोठे रांजण खाली रस्त्यावर फोडतात, ते बघायला अख्ख्या ग्रीसमधून माणसं येतात आणि राहायच्या जागा कितीतरी आधी भरतात. ताईनं ऑर्थोडॉक्स ईस्टरची तारीख काढून ठेवलीये, ती नेहमीच्या ईस्टरपेक्षा बहुतेक वेळा वेगळी असते, तेवढं बघून मगच तिकिटं काढायची.